समुद्रफुलाचा दगड

१७ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी हातात पडलं. पुलाच्या कामावर एवढी थंडी आहे की तेलाचा डबा चुलीशेजारी ठेवावा लागतो, हे मी खारूला वाचून दाखवलं. तिने त्याच दिवशी तुझ्यासाठी मोजे विणायला घेतले. एक झालाय. दुसरा होईपर्यंत तुमच्याकडे उन्हाळा लागेल, पण तुझ्या लेकीची नियत चांगली आहे.

तू तिथे ऐंशी माणसांचा स्वयंपाक रेटतेस आणि वर मला विचारतेस, की खारूमुळे तुझे हाल होत नाहीत ना. होतात. न्हाणीघरात अर्धा तास गाते, तेही बेसूर. नकाशांचे कागद घरभर पसरते. परवा माझा पाय तिच्या एका धरणावर पडला तर रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही. पण संध्याकाळी कामावरून येतो तेव्हा घरात दिवा लागलेला असतो. इतकी वर्षं कुलूप उघडून अंधारात बटण चाचपडत होतो, ते आता करावं लागत नाही.

तिचा दमा या हिवाळ्यात एकदाही उठला नाही. आमच्यासमोरचा रस्ता खणून ठेवलाय, धूळ फार, म्हणून तू सांगितल्याप्रमाणे रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवतो.

आता माझी बातमी. बाहेरच्या खोलीतला सोफा काढला आणि तिथे चार फुटांची काचेची टाकी बसवली. खाऱ्या पाण्याची. ज्याच्याकडे कुंडीतलं रोप टिकलं नाही तो समुद्र काय सांभाळणार, असं तू म्हणशील. म्हणून तुला सहा महिने कळवलंच नाही. सहा महिने टाकीत नुसतं पाणी, वाळू आणि दगड होते. मीठ कालवायचं, मोजायचं, थांबायचं. हे आपल्याला जमतं गं. दिवसभर चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाला थांबायचं शिकवावं लागत नाही.

गेल्या महिन्यात मासे आणले. क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असतात ते. मोठी ती मादी, लहान तो नर. लहानपणी सगळेच नर असतात म्हणे. जो दादागिरी करतो, त्याची पुढे मादी होते. खारूने त्यांची नावं ठेवलीत बाईसाहेब आणि कारकून. बाईसाहेब नुसत्या वळल्या तरी कारकून थरथरतो. खारू म्हणते, हा आमच्या कॉलेजच्या ऑफिसात शोभेल.

आणि समुद्रफूल आणलंय. फूल म्हणायचं, पण तो प्राणी आहे. एका पायावर उभा, वर बोटांसारखे शंभर-दीडशे तंतू, आणि त्या तंतूंना डंख. इतर मासा शिवला तर मरतो. हे दोघे मात्र त्याच्या कुशीत झोपतात, असं पुस्तकात आहे. आमचे झोपत नाहीत. ते टाकीच्या एका कोपऱ्यात, फूल दुसऱ्या कोपऱ्यात. महिना झाला, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यात फुलाला जागा पसंत नाही. रोज बोटभर सरकतं. पाणी खेळवणारा पंप आहे त्याच्याकडे ते निघालंय, आणि पंपात ओढलं गेलं तर त्याच्या चिंधड्या होऊन सगळं पाणी नासतं. मी कामावर असलो तरी डोळ्यांसमोर तोच पंप असतो. काल एका गिऱ्हाइकाची डावी काच उजव्या डोळ्याला बसवली.

दुकानदाराने फुलासाठी म्हणून एक मोठा दगड दिलाय. त्यावर तपकिरी बटणांसारखे जीव आहेत, हाताच्या नखाएवढे. ते फार वाढायला लागलेत, आणि मला वाटतं फूल त्यांनाच टाळतंय. दुकानदार बोलायला बसला की उठत नाही, निम्मं मी ऐकत नाही. बघतो काहीतरी करून.

थंडीत गुडघा सांभाळ.

तुझा भाऊ


६ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

घाईत लिहितोय. टपालाची गाडी उद्या वर जाते म्हणून.

खारू स्वतः लिहिणार होती, पण तिला जरा ताप आहे. ऋतू बदलतोय, सगळीकडेच आहे म्हणतात. डॉक्टरला दाखवलं. औषध चालू आहे. काळजी करण्यासारखं नाही. आराम करायला सांगितलंय, म्हणून कॉलेजला सुट्टी घेतली. मीही दोन दिवस रजा काढलीय, घरी दुसरं काम होतंच.

समुद्रफुलाने शेवटी जागा धरली. आणि ताई, मासे त्यात गेले. दोघेही. बाईसाहेब वर, कारकून खाली दडलेला. तंतू त्यांच्या अंगावरून असे फिरत होते की बघत राहावं. तुला सांगायचं होतं.

तुझ्याकडे थंडी कमी झाली का? चुलीजवळ फार वाकून उभी राहत जाऊ नकोस. तो नवीन मदतनीस कसा आहे ते लिही, मागच्या वेळी लिहिलं होतंस की तो भात करपवतो.

इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसातून फोन करायची गरज नाही. मी फारसा घरी नसतो, उगाच फोन वाजत राहील आणि तुला घोर लागेल.

पेन वेगळं आहे, अक्षर समजून घे.

भाऊ


२१ मार्च, बुधवार

ताई,

मधल्या सुट्टीत कारखान्यातल्या माझ्या टेबलावर बसून लिहितोय. समोर सत्तावीस काचा घासायच्या पडल्यात. त्या आज तशाच राहतील.

तू इथे येऊन अकरा दिवस झाले. रोज दवाखान्यात भेटतो आपण, काल तर एका ताटात जेवलो. तरी पत्र लिहितोय, कारण तोंडाने तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मी तुला चहा आणू का असं विचारलं.

सहा तारखेचं माझं पत्र तुला मिळालं नसेल. तू खाली उतरत होतीस तेव्हा ते वर चढत होतं. परत गेलीस की मिळेल. ते वाच. ते मी अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून, नर्सचं पेन मागून लिहिलं. आत खारूच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि मी तुला भात करपवणाऱ्या माणसाबद्दल विचारत होतो.

डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं ते खरं आहे. दगडावरच्या त्या तपकिरी जीवांत विष असतं, दगड उकळला की ते वाफेतून पसरतं आणि फुप्फुसात जातं. तुला त्यांनी असंही सांगितलं, की अशा गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात. तू ते मान्य केलंस. त्यानंतर जिन्यात माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "तू होतास म्हणून पोर वाचली रे."

ताई, मला माहीत होतं.

दुकानदाराने दगड हातात देतानाच सांगितलं होतं. "एक लक्षात ठेवा. हा दगड घासायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, उकळायचा तर अजिबात नाही. नको झाला तर माझ्याकडे परत आणा. मी बघतो." निम्मं ऐकत नाही असं मी तुला लिहिलं होतं. हे मी पूर्ण ऐकलं होतं. मला वाटलं, दुकानदार आहे, काहीतरी भीती घालून आपल्याला परत दुकानात बोलावतो. शिवाय त्या आठवड्यात फूल पंपापासून चार बोटांवर आलं होतं. पंपावर जाळी नव्हती. दगड मोकळा झाला तर फूल मागे फिरेल, असं माझ्या डोक्यात बसलं, आणि दुसरं काही सुचेना.

रविवारी दुपारी दगड काढला. तुझं ते मोठं पातेलं, जे तू खारूच्या सामानाबरोबर पाठवलं होतंस, त्यात घातला, झाकण ठेवलं आणि गॅसवर चढवला. बाहेर रस्त्याचं काम जोरात होतं, म्हणून खिडक्या लावलेल्या. खारू स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा काढत बसली होती. तिची सोमवारी परीक्षा होती.

मी तिला म्हणालो, "जरा लक्ष ठेव. उतू जायला लागलं तर झाकण काढ. मी पंपाची जाळी घेऊन पंधरा मिनिटांत येतो."

ती म्हणाली, "मामा, याचा वास कसलाय?"

मी म्हणालो, "समुद्राचा."

मी पंधरा मिनिटांत आलो नाही. दुकानात नवीन मासे आले होते. ते बघत तासभर उभा राहिलो. दुकानदाराने विचारलं, "दगड बराय ना?" मी बराय म्हणालो. त्याच वेळी तो आमच्या गॅसवर उकळत होता.

घरी आलो तर तिने गॅस बंद केला होता. ती टेबलावर डोकं ठेवून बसली होती. म्हणाली, तोंड कडू झालंय, थंडी वाजतेय. मला वाटलं, परीक्षेची धास्ती. संध्याकाळी ताप चढला आणि खोकला सुरू झाला, तेव्हा तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, आणि माझ्याकडे बघून नीट विचारलं, "दम्याची पेशंट आहे. घरात काही फवारलं का? रंग, औषध, धूर? काही जाळलं, उकळलं?"

"नाही," मी म्हणालो.

मला तेव्हा दगड आठवला होता, ताई. आठवला नव्हता असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. पण मी म्हटलं, असेल साधा ताप. आपण उगाच सांगायचं, मग हे तुला कळणार, मग तू म्हणणार की मी एवढ्या विश्वासाने पोर दिली आणि तुला माशांपुढे सुचलं नाही. तू असं म्हणाली असतीस. मी तुझा तो आवाज आधीच ऐकला आणि नाही म्हणून टाकलं.

त्यांनी गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. मी तिला त्याच घरात, बंद खिडक्यांच्या आत परत नेलं. पातेलं गॅसवरच होतं. सकाळी उठवायला गेलो तर तिचे ओठ निळे पडले होते.

तू म्हणतेस ना, वेळेवर आणलंस. ते असं वेळेवर होतं.

मोठ्या दवाखान्यातही डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा ते जड जात नाही, ते आपलं आपण येतं. तिला आत नेताना तिने माझी बाही धरली. बोलता येत नव्हतं, एकेक शब्द ओढून काढत होती. "दगडाचं... सांगितलंस ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तिने बाही सोडली.

मग तिची कागदपत्रं आणायला मी घरी गेलो. दार उघडलं. बाहेरच्या खोलीत टाकीचा दिवा चालू होता, आणि दोन्ही मासे समुद्रफुलात होते. बाईसाहेब तंतूंत पाठ घासत होत्या, कारकून खाली दडला होता. अडीच महिने ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं. मी गुडघ्यांवर बसलो आणि बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. दोन मिनिटं असतील, पाच असतील. तेवढा वेळ मला खारू आठवली नाही. मी आनंदात होतो, ताई. बाकी सगळं लिहिताना हात चालतो, इथे अडतो.

मग माझ्या जिभेवर कडूपणा आला. पैसा चाटल्यासारखा. घसा खरवडायला लागला. मी तर नुसता बसलो होतो, तेही बाहेरच्या खोलीत, आणि ती तासभर त्या पातेल्याशेजारी होती. तेव्हा साध्या तापाची पळवाट संपली. कागदपत्रं न घेताच मी पळालो.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. त्या ओरडल्या नाहीत. वहीत लिहीत होत्या, त्या थांबल्या. "काल विचारलं होतं कुणी तुम्हाला?" मी हो म्हणालो. "सकाळी मी विचारलं." हो. मग त्या म्हणाल्या, "यावर उतारा नाही. जे करतोय तेच करत राहायचं, पण कशाशी लढतोय ते माहीत असलं तर हात वेगळा चालतो. आणि काल तिला त्या घरात जाऊ दिलं नसतं." एवढंच बोलून त्या आत गेल्या. तुझ्याशी बोलताना त्यांनी माझ्या त्या दोन नकारांचा विषय काढला नाही. तुला काय सांगायचं ते बहुधा त्यांनी माझ्यावर सोडलं.

तुला फोन मी गुरुवारी केला. सोमवारी करायला हवा होता. इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसचा नंबर माझ्या पाकिटात होता, तू स्वतः लिहून दिलेला. तीन दिवस तो तिथेच होता. बुधवारी दुपारी त्यांनी तिला श्वासाची नळी घालायची तयारी केली होती, ते तुला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत श्वास थोडा सुधारला म्हणून टळलं. त्या बुधवारी काही बरंवाईट झालं असतं तर तुला तेही माझ्या तोंडून गुरुवारीच कळलं असतं. मी तुला लेकीशेजारी बसायचे तीन दिवस दिले नाहीत. ते मी कुठून आणू?

आता कालचं.

काल तू तिला जेवू घालत होतीस, मी खिडकीपाशी उभा होतो. तू विचारलंस, "पण तू त्या वाफेत गेलीसच कशाला?" आणि ती म्हणाली, "मामा नको म्हणाला होता. मलाच बघायचं होतं. मी झाकण काढून डोकावले."

तू तिला ओरडलीस. एकोणीस वर्षांची झाली तरी अक्कल नाही, मामाने जीव टाकून सांभाळलं आणि तू असे उद्योग करतेस. तुझ्या मागून तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बोलू नकोस, अशी.

मी बोललो नाही. ती पोर मला वाचवत होती आणि मी स्वतःला वाचवू दिलं.

तू औषधं आणायला गेलीस तेव्हा मी तिला विचारलं, "का?"

ती म्हणाली, "आई एकदा तुटली की तुटली. बाबा गेल्यावर काकांशी तुटली ते आजवर. तुला दुसरं कोण आहे?"

मी म्हणालो, "पण तुला शिव्या बसल्या."

"बसू देत," ती म्हणाली. "शिव्यांनी छाती दुखत नाही." मग बराच वेळ खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "पण तू सांगितलंस म्हणून मान हलवलीस ना, ते मी विसरणार नाही, मामा. पातेल्याचं विसरेन. ते नाही."

हे ती रागाने म्हणाली नाही. तारीख सांगावी तसं म्हणाली.

तिला सहा महिने जपायला सांगितलंय. जिने चढायचे नाहीत, धुळीत जायचं नाही. फुप्फुसं पूर्वीसारखी होतील का, याला डॉक्टरीणबाई "बघू" म्हणतात. वर्ष बुडालंच. नकाशा काढायला टेबलावर वाकली की धाप लागते, ते तू दोन दिवसांपूर्वी पाहिलंस आणि बाहेर जाऊन रडलीस. मी पाहिलं. मी तिथेच भिंतीमागे होतो.

घर साफ झालंय. दुकानदार स्वतः आला, तोंडाला मुखवटा, हातात मोजे. पातेलं, दगड, ओट्यावरची फडकी, सगळं बंद पिशव्यांत घालून घेऊन गेला. मासे आणि फूलही त्याच्या दुकानात आहेत. जाताना दारात थांबला. म्हणाला, "मी सांगितलं होतं ना हो तुम्हाला?" मी म्हणालो, "सांगितलं होतं." तो बिचारा बरेच दिवस झोपला नव्हता, आपण सांगायचं विसरलो की काय म्हणून. तेवढं एक ओझं मी कुणाचं तरी उतरवलं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. सुट्टी झाली की दवाखान्यातल्या तुमच्या खोलीवर येईन, तुझ्या हातात देईन आणि खाली चहाच्या टपरीपाशी थांबेन. तुला वाचायला दहा मिनिटं लागतील, तू भरभर वाचतेस. त्यानंतर तू खाली आलीस तर तू म्हणशील ते ऐकेन, मध्ये बोलणार नाही. तिला इथून घेऊन जायचं असेल तर सामान मी बांधून आणून देईन, तुला त्या घरात पाऊल टाकावं लागणार नाही. मला तिला पुन्हा भेटू द्यायचं नसेल तर तेही सांग. मात्र ते तू सांग, तिच्याकरवी नको. तिने माझ्यासाठी पुरेसं केलंय.

अंधार पडेपर्यंत आली नाहीस तर मी घरी जाईन. उद्या पुन्हा येईन त्याच वेळेला, परवाही येईन. वर येणार नाही.

पण माझ्याकडे यायच्या आधी तिच्यापाशी बस. तिला काल जे बोललीस ते सगळं माझ्या वाट्याचं होतं. मी तिला डोकावायला मनाई केली नव्हती. झाकण काढ, असं मीच सांगून गेलो होतो.

खारूचा मामा